चार रिले बोलतात, पाचवा मुका

प्रश्न:
मंडळी, वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्याचं ११ केव्ही पॅनल आहे. पाच प्रोटेक्शन रिले (बिघाड दिसला की ब्रेकर पाडणारे), सगळे एकाच आरएस-४८५ वायरजोडीवर, मॉडबस आरटीयू भाषेत बोलणारे. स्काडावर (देखरेखीच्या कॉम्प्युटरवर) चार दिसतात, नवीन बसवलेला पाचवा सारखा टाइमआउट. पाचव्यालाही बाकीच्यांसारखंच वेग ९६००, पॅरिटी (चूक तपासायचा बिट) नाही, स्टॉप बिट १ टाकलंय. आयडी ५. काल रात्री अकरापर्यंत डोकं आपटलं. उद्या साहेब बघायला येणार.

उत्तर १:
ए-बी वायर उलटून बघा. कुठल्या टोकाला ए म्हणायचं यावर कंपन्यांचं एकमत नाही. उलट लागली तर रिले जळत नाही, फक्त बोलत नाही.

उत्तर २:
वायरीच्या टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर (सिग्नल टोकावरून परत उलटू नये म्हणून असतो तो) चौथ्यावरच राहिलाय का? तो आता पाचव्यावर हवा. पण एवढ्याशा वायरीत, ९६०० ला, दोष तिथे नसेल. आधी सांगा, सेटिंग कुठल्या पोर्टचं बदललंत? पुढच्या की मागच्या?

प्रश्नकर्ता:
काका, पायावर डोकं! मी पुढच्या लॅपटॉपवाल्या पोर्टचं सेटिंग बदलत बसलो होतो, वायर मागच्या पोर्टला. तिथे १९२००, इव्हन पॅरिटी तशीच होती. बदललं, सेव्ह केलं, तरी मुका. कंट्रोल सप्लाय बंद-चालू केल्यावर बोलला. त्याआधी ट्रिप सर्किट (ब्रेकर पाडणारं) आयसोलेट केलं होतं, ओरडू नका. आता सेव-उसळ खायला चाललोय.

उत्तर २:
रेझिस्टर हलवून मग जा.