दोन सुरांच्या ट्रेमोलोचा हिशेब
लिलीपाँड या स्वरलेखन छापणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन सुरांचा ट्रेमोलो (दोन सूर झपाट्याने आळीपाळीने वाजवणं) दिला की एका हाफ नोटच्या (अर्ध्या अवधीच्या सुराच्या) जागी दोन हाफ नोट छापल्या जातात, हा बग आहे असं काही जण म्हणतात. बग नाही हो, स्टाफ नोटेशनची रीतच तशी आहे. दोन्ही सुरांवर पूर्ण अवधी दाखवतात, वाजतो मात्र एकदाच तेवढा. म्हणून आवर्तनं जोडीची मोजायची: सिक्स्टीन्थ (सोळाव्या हिश्श्याच्या) सी-डी सुरांची जोडी 4 वेळा म्हणजे एक हाफ नोट.

एका सुराच्या ट्रेमोलोची, म्हणजे तोच सूर झपाट्याने परत परत वाजवण्याची, गोम वेगळी आहे. सुरानंतर कोलन (:) टाकून त्यापुढे 32 (म्हणजे बत्तिसाव्या हिश्श्याचे ठोके) दिलं तर क्वार्टर नोटच्या (पाव अवधीच्या सुराच्या) दांडीवर 3 तिरप्या रेघा येतात, सुट्या एट्थ नोटवर (आठव्या हिश्श्याच्या सुरावर) 2च, कारण तिचं शेपूट एका रेघेच्या जागी धरतात. व्हायोलिनचा पार्ट लिहिताना मी रेघा बघतच नाही, कोलनपुढचा आकडा तोच ठेवतो. वेग आपोआप सारखा राहतो.