भजन मंडळाचे पखवाजी नाना पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी आणण्याआधी मंडळाने काय तयारी करावी?

प्रश्न : कोरसवाला, कुडाळ

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या भजन मंडळाचे पखवाजी नाना (वय ७३) शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरले. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून अर्धा सांधा बदललाय. योजनेत बसल्यामुळे ऑपरेशनचा खर्च सुटला. चार-पाच दिवसांत घरी सोडतील.

घरी नाना आणि काकी दोघंच. मुलगा मुंबईहून आलाय, पण त्याची रजा संपत आली. घर जुनं आहे : खळं (अंगण), तीन पायऱ्या, ओटी, मग माजघर, प्रत्येक दाराला उंबरठा. संडास आणि न्हाणी मागीलदारी, संडास खाली बसायचा. मंडळात आम्ही बारा जण आहोत आणि सगळे मदतीला तयार आहेत, पण नेमकं काय करायचं ते कळत नाही. घरात काय बदल करावे? कामं कशी वाटावी? गणपती दोन महिन्यांवर आलेत आणि नाना हॉस्पिटलातसुद्धा बोटांनी चादरीवर ठेका धरतात. ते परत कधी आणि कसे वाजवू शकतील? तोवर त्यांच्या पखवाजाची काळजी कशी घ्यायची? पावसात तो तसाच पडून आहे.

उत्तर : फिजिओ, मालवण

घरी नेण्याआधी डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा आणि कार्डावरच लिहून घ्या. उजव्या पायावर किती भार द्यायचा, सांधा पुढून बसवला की मागून, आणि रक्त पातळ करणारं औषध किती दिवस. अर्धा सांधा बदलल्यावर बहुतेकदा दुसऱ्या दिवसापासूनच भार देऊन चालवतात. सळी किंवा प्लेट घातली असेल तर नियम वेगळे असतात, म्हणून गावातल्या दुसऱ्या कुणाच्या ऑपरेशनवरून अंदाज बांधू नका.

मागून सांधा बसवला असेल तर साधारण सहा ते बारा आठवडे तीन गोष्टी बंद. कंबरेत ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, उजवा पाय आतल्या बाजूला वळवायचा नाही. म्हणजे मांडी घालून बसणं, पाटावर जेवणं, उकिडवं बसणं, खाली पडलेली चप्पल वाकून उचलणं हे सगळं गेलं. बसताना गुडघे खुब्यापेक्षा खालीच राहिले पाहिजेत. खुर्ची हातांची आणि बसायची जागा जमिनीपासून १८ ते २० इंच. प्लास्टिकच्या खोलगट खुर्चीत माणूस मागे रुततो आणि उठताना पुढे झुकतो. सांधा निसटतो तो अशाच वेळी.

वॉकरची उंची नानांना सरळ उभं करून ठरवा. हात सैल सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या घडीला आली पाहिजे. चालताना आधी वॉकर, मग उजवा पाय, मग डावा. पायरी चढताना डावा (चांगला) पाय आधी, उतरताना उजवा आधी. सोबत असणाऱ्याने त्यांच्या उजव्या बाजूला, किंचित मागे राहायचं आणि कमरेला घट्ट बांधलेला पंचा धरायचा. हात किंवा खांदा धरून ओढू नका. तोल जातो तेव्हा ओढलेल्या हाताने माणूस उलट फिरतो.

चाकांचा वॉकर सारवलेल्या जमिनीवर आणि उंबरठ्यांच्या घरात नको. चारही पायांची रबरी बुचं दर आठवड्याला उलटून बघा. रबर झिजून आतली नळी दिसू लागली की ओल्या लादीवर वॉकर सरकतो.

आता महत्त्वाचं. पोटरीला तेल लावून चोळायला कुणालाही देऊ नका, तो कितीही मोठा हाडवैद्य असो. ऑपरेशननंतर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट १०८. खुब्यात एकदम कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसला तर उचलून बसवू नका, आहे तसं झोपवून ठेवा आणि १०८ बोलवा. जखमेतून पाणी येणं, लाली वाढणं, ताप, यासाठीही थांबायचं नाही. पावसाळ्यात घामाने पट्टी भिजते, भिजली की बदलायची.

उत्तर : गवंडीकाम, सावंतवाडी

घराचं बोलतो.

नानांचा पलंग ओटीवर टाकायचा मोह होईल, माणसं येतात-जातात म्हणून. पण संडास मागीलदारी आहे, तर पलंग माजघरात मागच्या दाराजवळ घ्या, म्हणजे मध्ये एकच उंबरठा राहील. गादीसकट पलंगाची उंची २० ते २२ इंच करा. पायांखाली लाकडी ठोकळे, वर पाय बसेल एवढी खाच पाडून. नुसत्या चिऱ्यावर पलंग ठेवला तर हलतो. कापसाची जुनी गादी खाली दबते, तिच्याखाली फळी टाका. पलंग असा लावा की उतरताना उजवा पाय मोकळ्या बाजूला येईल.

उंबरठ्याला उतार करायच्या फंदात पडू नका. उतार १ ला १२ हवा, म्हणजे सहा इंचांच्या उंबरठ्याला सहा फूट. तेवढी जागा जुन्या घरात नाही आणि आखूड उतारावर वॉकर पुढे पळतो. त्याऐवजी दोन्ही बाजूंना अर्ध्या उंचीची पायरी करा, किमान अडीच फूट बाय तीन फूट, म्हणजे वॉकरचे चारही पाय आणि माणूस तिच्यावर पूर्ण मावतील. जाड फळ्यांची चौकट ठोकून केली तरी चालेल, फक्त ती जमिनीत पक्की बसवा. सुटी फळी एका टोकावर पाय पडला की उचलते. खळ्यातल्या तीन पायऱ्यांना दीड इंची जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा कठडा, उंची ३४ ते ३६ इंच, शक्यतो दोन्ही बाजूंना. पायऱ्यांवर वॉकर नको, एक हात कठड्याला आणि एक माणूस सोबत.

संडासाला लोखंडी कमोड-खुर्ची भांड्यावर ठेवतात. पण आपल्याकडे भांडं बहुतेक वेळा चार-सहा इंचांच्या ओट्यावर असतं. खुर्चीचे दोन पाय ओट्यावर आणि दोन खाली आले तर ती उलटणारच. ओट्याची लांबी-रुंदी मोजून मगच खुर्ची आणा, नाहीतर खालची बाजू विटा-सिमेंटने समपातळीवर आणा. रात्री मात्र मागीलदारी न्यायचंच नाही, पलंगाशेजारी भांड्याची कमोड-खुर्ची ठेवा. न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल नको, ओल्यावर त्याचे पाय फाकतात. ॲल्युमिनियमचं, रबरी बुचांचं स्टूल घ्या आणि बादली दुसऱ्या उंच स्टुलावर ठेवा.

शेवाळ : ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून पायऱ्यांवर आणि मागच्या वाटेवर ओता, पंधरा मिनिटांनी ताठ खराट्याने घासा, भरपूर पाण्याने धुवा. त्यात ॲसिड किंवा फिनेल मिसळू नका, ॲसिडने विषारी वायू होतो. शेवाळ परत येतं, दर आठ-दहा दिवसांनी हेच करायला लागेल. वाटेवर पोफळीची झावळं टाकायची आपली सवय आहे, पण वॉकरचा पाय त्यात अडकतो. नानांच्या वाटेवरून ती उचला. दिवे जातात तेव्हाचंही बघा : पलंग ते मागचं दार या वाटेवर वीज गेल्यावर आपोआप लागणारा बल्ब हवा.

उत्तर : आजगावकार

बघूक येणाऱ्यांचा काय ता आधी ठरवा. गावात माणूस पडलो म्हटल्यार वाडीच्या वाडी येता आणि काकी सगळ्यांका चाय करीत बसतत. येळ चार ते सा लावा, एकावेळी दोघा. चायचो टोप मंडळातल्या कोणीतरी घराकडसून घेऊन येवचो. सर्दी-खोकलो असलेल्यान खळ्यातसूनच इचारपूस करून जावचा. छत्रयो भायरच ठेवूच्यो, माजघरात पानी गळता कामा नये.

उत्तर : सेवाभावी, रत्नागिरी

बारा जण तयार आहेत यातच धोका आहे. पहिल्या आठवड्यात बाराही येतात आणि तिसऱ्या आठवड्यात एकही नाही. "काही लागलं तर सांगा" हे वाक्य कुणी म्हणायचं नाही, कारण काकी कधीच सांगणार नाहीत. नावासकट काम लिहून कागद माजघराच्या भिंतीला लावा.

सकाळी आंघोळ आणि चालवणं याला दोन माणसं, पण पंधरा दिवस तीच दोन. रोज नवा माणूस आला तर रोज नवी पद्धत होते आणि नानाही बुजतात. संध्याकाळी चालवायला एक. रात्री झोपायला पहिले दहा दिवस एक, माजघरातच, कारण म्हातारी माणसं रात्री कुणाला उठवायला नको म्हणून एकटी उठतात आणि पडतात. औषधं आणणं एकाकडे. टाके काढायला साधारण १० ते १४ दिवसांनी जायचं असतं, ती गाडी एकाकडे. रिक्षा नको, सीट खाली आणि हादरे. गाडीत पुढची सीट पूर्ण मागे सारा, थोडी रेलून ठेवा, सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरा. नानांनी आधी पाठमोरं टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. पिशवीवरून अंग सहज फिरतं. गाडी सुरू करण्याआधी पिशवी काढा.

खाण्याकडे लक्ष द्या. जखम भरायला आणि ताकद यायला प्रथिनं लागतात : मासे, अंडी, कुळथाची पिठी, मुगाची उसळ, दूध. नुसती पेज देऊ नका. संडासला उठायला लागू नये म्हणून नाना पाणी कमी पितील, त्यातून लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठ होतो. तांब्या भरून जवळ ठेवा आणि किती रिकामा झाला ते बघा. शहाळी सगळे आणतील. रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर रोज द्यायचं का ते डॉक्टरांना विचारा. साध्या पडण्याने खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या घनतेची तपासणी विचारून घ्या, तिकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात.

पैशांचं : ऑपरेशन योजनेत झालं तरी वॉकर, कमोड-खुर्ची, गाडी, घरी येणारा फिजिओ हा खर्च घरच्यांवरच येतो. मंडळाच्या वहीत वेगळं पान करा, वस्तू मंडळाच्या नावाने घ्या. नानांनाही ओझं वाटणार नाही आणि नंतर गावात दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील. मंडळात ७० किंवा त्यावरचे आणखी कुणी असतील तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवरून आताच काढून ठेवा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरील सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. उपचार योजनेतल्याच हॉस्पिटलात आणि रोख न भरता व्हावे लागतात. आधी पैसे भरून मग परत मागता येत नाहीत, म्हणून दाखल होतानाच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा.

कोरसवाला, कुडाळ

खूप आभार. कागद आजच लावतो, पायऱ्यांचं कामही उद्या सुरू. पखवाजाचं कुणी सांगेल का? नानांचा पखवाज वादीचा (चामड्याच्या पट्टीने ताणलेला) आहे, नट-बोल्टचा नाही.

उत्तर : पखवाज दुरुस्ती, कणकवली

आधी धुमाची, म्हणजे डाव्या खर्जाच्या बाजूची, पुडी (कातडं) बघा. नाना पडले त्या दिवशी वाजवण्यासाठी तिच्यावर थापलेली कणीक अजून तिथेच असेल तर ती पहिल्यांदा काढा. वाळलेली कणीक कातडं ओढून धरते, खाली बुरशी धरते आणि उंदीर-झुरळं कणकेबरोबर कातडंही कुरतडतात. कोरडी खरवडू नका, तिच्याबरोबर कातडं सोलून निघतं. ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवा, मऊ झाली की चमच्याच्या मागच्या बाजूने काढा, पुसा आणि पंख्याखाली वाळवा. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवायचं नाही, दुसऱ्या पुडीवरच्या काळ्या शाईला भेगा जातात आणि पापुद्रे सुटतात. मग वादीखालचे आठही लाकडी गठ्ठे थोडे थोडे ठोकून ताण किंचित सैल करा, समोरासमोरचे जोडीने, म्हणजे पुडी एका अंगाला ओढली जाणार नाही. कोरड्या सुती कापडात गुंडाळून भिंतीपासून दूर, फळीवर आडवा ठेवा. प्लास्टिकमध्ये बांधू नका, आत घाम धरतो. आठवड्यातून एकदा उघडून हवा द्या.

वाजवण्याचं : डॉक्टरांची परवानगी येईपर्यंत पखवाज नाही, पण भजन थांबवायचं कारण नाही. आठवड्याची तालीम नानांच्या ओटीवर घ्या, तासभरच. नाना हातांच्या खुर्चीवर बसून झांज धरतील. रूपावली (रूपाचा अभंग), एक अभंग, एक गवळण. जो पोरगा सध्या पखवाज धरतोय त्याला नानांच्या समोर बसवा, पाठीमागे नको. हात कुठे चुकतोय ते त्यांना दिसलं पाहिजे आणि ते मागे वळता कामा नयेत.

परवानगी आल्यावर खुर्चीवर बसून वाजवता येतं, पण स्टँड नीट जमला तरच. नेहमी होतं असं की पखवाज टेबलावर ठेवतात. मग तो खांद्याला येतो. नाहीतर गुडघ्यांच्या पुढे ठेवतात आणि नाना वाकून हात पोचवतात. ते वाकणंच नको आहे. बैठक २१-२२ इंच उंच घ्या, त्यामुळे मांड्या पुढे उतरत्या होतात आणि त्यांच्या वर पखवाजाला जागा मिळते. नाना ताठ बसल्यावर जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि पुडीचा मध्य त्या मापाच्या आसपास येईल असा लोखंडी स्टँड बनवून घ्या. स्टँडचे पाय बाहेर फाकलेले हवेत, मध्ये दोन्ही गुडघे मावले पाहिजेत आणि पखवाजाचा भार मांडीवर अजिबात येता कामा नये. खोबणीला जुन्या ट्यूबचं रबर लावा, नाहीतर जोरात थाप पडली की पखवाज फिरतो आणि सावरायला नाना पुढे झेपावतील.

सुरुवात विलंबित अभंगाने, दहा मिनिटं. गजर (जलद नामघोष) शेवटी येऊ दे, आणि दुगुणीत (दुप्पट वेगात) लय चढायला लागली की पखवाज त्या पोराकडे द्या. गजरात वाजवणारा कमरेतून हलतो, ते खुब्याला अजून झेपणार नाही. गणपतीत घरोघरी फिरणं या वर्षी नको, प्रत्येक घराच्या पायऱ्या वेगळ्या आणि ओल्या. नानांच्या घरच्या गणपतीपुढे त्यांचा पखवाज लावा. दुसरीकडे कुठे न्यायचंच असेल तर फक्त सपाट अंगणाचं एक घर निवडा आणि स्टँड व उंच बैठक त्यांच्या आधी तिथे पोचवा.