बिग बेअर लेक: आईबाबांना घेऊन कुठे राहावं? फॉनस्किन कसं आहे?

रानजाई:
मेअखेरीस सांगलीहून आईबाबा येताहेत, आम्ही कॅलिफोर्नियात इर्व्हाईनला असतो. डोंगरातल्या बिग बेअर तळ्याला दोन रात्री जायचं ठरतंय. तिकडे सोन्याच्या खाणी होत्या असं बाबांनी कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून फोनवर दुसरा विषय नाही. आईला गाडी लागते. तळ्याच्या उत्तर काठाला फॉनस्किन नावाचं छोटं गाव दिसतंय. कोणी राहिलंय का? आणि बाबांना दाखवण्यासारखं खरंच काही उरलंय का?

ठोंब्या:
दक्षिण काठाला राहा. दुकानं, खाणंपिणं, बोटी सगळं तिकडेच. फॉनस्किनमध्ये अंधार पडला की संपलं.

ओसरी:
ठोंब्या, सत्तरीतल्या माणसांना अंधार पडल्यावर करायचंय काय? रानजाई, फॉनस्किनच घे. पाइनची झाडं, शांत काठ, आणि खाणींच्या भागात जाणारा पोलीक कॅन्यनचा कच्चा रस्ता तिथून जवळ.

बाबांना आधी एक सांगून ठेव, तळं खाणवाल्यांचं नाही. १८६० मध्ये बिल होल्कोंब अस्वलांच्या शिकारीसाठी आला आणि त्याला सोनं सापडलं, तेव्हा इथे तळंच नव्हतं. खाली रेडलँड्सच्या संत्र्यांच्या बागांना पाणी हवं म्हणून १८८४ मध्ये दगडी धरण बांधलं, मग १९१२ मध्ये त्याहून उंच दुसरं. म्हणजे सोनं डोंगरामागच्या होल्कोंब व्हॅलीत आणि पाणी अलीकडे. ती अस्वलं ग्रिझली होती. आता ती कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावरच उरलीत.

होल्कोंब व्हॅलीत बेलव्हिल नावाचं गाव वसलं होतं. लोहाराच्या मुलीचं नाव गावाला दिलं. जिल्ह्याचं ठाणं होण्याचा मान एकदोन मतांनी हुकला असं सांगतात, खरंखोटं देव जाणे. आज तिथे एक लाकडी खोपटं, माहितीचे फलक आणि फाशीचं झाड म्हणून दाखवतात ते जुनिपर. पुढे १८७० च्या दशकात ‘लकी’ बाल्डविन नावाच्या धनिकाने गोल्ड माउंटनवर दगड कुटायला ४० मुसळांची गिरणी घातली. दगडात सोनं फार निघालं नाही, नावात लकी असून.

ठोंब्या:
थोडक्यात, माळरानावर चार पाट्या. आम्ही बघून आलोय, पोरं कंटाळली.

ओसरी:
पोरं कंटाळणारच. तिचे बाबा पाट्या वाचणारे दिसतात.

रानजाई:
पाटीचा फोटो काढून घरी परत वाचणारे आहेत! आमची गाडी साधी सेडान आहे, चालेल? घाटाचं काय?

मीनाक्षी_रिव्हरसाइड:
घाटासाठी ३३० नंबरचा रस्ता नको, सारखी वळणं आहेत. रेडलँड्सहून ३८ नंबरने जा. लांब पडतं, पण वळणं सौम्य. मात्र ऑनिक्स समिटला ८,४४३ फुटांवर चढून मग उतरायचं. तळंच मुळात ६,७०० फुटांच्या वर, कळसूबाईपेक्षा उंच. पहिल्या दिवशी बाबांना चढ चढायला लावू नका, पाणी भरपूर पाजा.

कच्च्या रस्त्यावर सेडान मी तरी घालणार नाही. उंच गाडी भाड्याने घ्या. आणि चाळणी घेऊन ओढ्यात बसायचा बाबांचा बेत असेल तर आधी चौकशी करा, तिथे अजून काही जागांवर लोकांचे खाणहक्क आहेत.

आईंसाठी गरुड! फॉनस्किनजवळच्या जंगलात जॅकी आणि शॅडो या जोडीचं घरटं आहे, ते कॅमेऱ्यावर थेट दिसतं. २०२५ मध्ये त्यांना तीन पिल्लं झाली, त्यातली दोन उडाली. घरट्याजवळ जाऊ देत नाहीत, पण काठावर गरुड दिसू शकतो. पाण्यात बांधलेली सूर्याची वेधशाळाही उत्तर काठालाच आहे. भोवती पाणी असलं की हवा कमी तापते आणि सूर्य स्थिर दिसतो. रस्त्यावरूनच बघा, आत सोडतील असं धरून चालू नका.

रानजाई:
अहो मीनाक्षीताई, आई सांगलीत बसून तोच कॅमेरा बघते! फॉनस्किन नक्की, ३८ नक्की. मेअखेर कच्चे रस्ते उघडलेले असतात ना?

ओसरी:
बहुतेक. बर्फ उशिरा वितळला तर चिखल असतो. उत्तर काठावरच्या डिस्कव्हरी सेंटरला आदल्या दिवशी विचार, नकाशाही तिथेच घे. वर फोन लागेलच असं नाही.