मदत हवी आहे: लोट्यातल्या प्लांटची जुनी पीएलसी बदलायची आहे

नमस्कार मंडळी. लोटे-परशुराम एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. आमचे बॅच रिअ‍ॅक्टर अजून सीमेन्सच्या एस-५ पीएलसीवर (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) चालतात आणि स्काडाचा (प्लांट स्क्रीनवरून बघायचं-चालवायचं सॉफ्टवेअर) पीसी विंडोज एक्सपीवर. एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपला, आणि एस-५ची कार्डं आता भंगारवाल्यांकडून शोधून आणावी लागतात. त्यात आपली खारी, दमट हवा! पावसाळ्यात पॅनेल उघडलं की टर्मिनलवर हिरवा गंज दिसतो.

एका व्हेंडरचं म्हणणं, सगळं काढून सरळ डीसीएस (अख्ख्या प्लांटची एकत्र कंट्रोल सिस्टीम) बसवा. मला ते पटत नाही. फील्डमधले ट्रान्समीटर (तापमान, दाब मोजून सिग्नल पाठवणारे) ४-२० मिलीअँपचे आहेत, चांगले चालतात. ते आणि केबल ठेवून फक्त कंट्रोलर, आयओ (सिग्नल आत-बाहेर नेणारी कार्डं) आणि स्काडा बदलता येईल ना?

खरी धास्ती लॉजिकची आहे. पीएलसीचा प्रोग्रॅम ईप्रॉम चिपमधून वाचता येतो, पण काय कशासाठी ते सांगणारी कॉमेंट एकही नाही आणि लिहिणारे साहेब कधीच रिटायर झाले. आमची रिअ‍ॅक्शन उष्णता सोडणारी. तापमान चढलं की फीड बंद आणि जॅकेटला ब्राइन (थंड खारं पाणी) चालू, हा इंटरलॉक एक सेकंदही हुकून चालणार नाही. तो वेगळ्या सेफ्टी पीएलसीवर न्यावा, असं माझं मत. मॅनेजमेंटला तो खर्च फुकटचा वाटतो.

शटडाऊन गणपतीतच मिळेल, तेव्हा निम्मा प्लांट गावी असतो (मीसुद्धा गेलो असतो). तेवढ्यात कटओव्हर (जुन्यावरून नव्यावर जाणं) जमतो का, की एकेक रिअ‍ॅक्टर घ्यावा? महाड-रोह्याकडे कुणी एस-५ वरून सीमेन्सच्याच नंतरच्या एस-७ वर गेलं असेल तर कृपया सांगा. कार्डांना कॉन्फॉर्मल कोटिंग (दमटपणापासून वाचवणारा लेप) घेतलं होतं का, तेही.