पाळलेल्या सापाला अंघोळ घालावी का?

मृदुला, न्यू जर्सी

आमच्याकडे चार वर्षांपासून बॉल पायथन, म्हणजे अजगराच्या जातीचा छोटा साप आहे. लेकाने हट्टाने आणला, तो कॉलेजला गेल्यापासून मी सांभाळते. पहिल्याच हिवाळ्यात त्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि शेपटीच्या टोकाला एक कडं चिकटून राहिलं. जिथून आणला त्या दुकानात विचारलं, तर म्हणाले, दर आठवड्याला अंघोळ घाला. तीन महिने इमानेइतबारे घातली. टबात कोमट पाणी, वीस मिनिटं. तेवढा वेळ तो कडेकडेने नाक घासत बाहेर पडायची वाट शोधायचा, आणि बाहेर काढला की गोळा होऊन डोकं आत खुपसायचा. उंदीर खाणंही थांबलं. पुढची कातसुद्धा तुकड्यांनीच निघाली.

मग आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं. पेटीत २८ टक्के! बाहेर बर्फ, घरात दिवसरात्र हीटिंग, पेटीचं झाकण जाळीचं. ओल टिकणार कुठून? झाकणाचा बराचसा भाग फॉइलने झाकला, खाली नारळाचा भुसा घातला, एका डब्याला भोक पाडून आत ओलं शेवाळ भरलं. आर्द्रता ६० ते ६५वर आली. त्यानंतरची कात नाकापासून शेपटीपर्यंत अखंड निघाली, मोजा उलटा करून काढावा तशी.

माझं ठाम मत: अंघोळ बंद करा, पेटी सुधारा. हा प्राणी मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथे तो उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो. बिळातल्या दमट हवेवर त्याची कात सुटते. त्याला तिथे कोण न्हाऊ घालतं?

दिवड

असहमत. साप पाण्याला घाबरतो हे मला पटत नाही. आमच्या गावच्या विहिरीत दिवड अख्खा दिवस काढायचे. माझा कॉर्न स्नेक स्वतःहून पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो. आणि खाणं थांबल्याचं खापर अंघोळीवर कशाला? बॉल पायथन, त्यातही नर, हिवाळ्यात महिनोन्‌महिने उपाशी राहतात. सगळ्या पाळणाऱ्यांचा हा अनुभव आहे. तुमचा निष्कर्ष घाईचा वाटतो.

मृदुला

खाण्याचं मान्य, तो मुद्दा मागे घेते. कातेचा नाही. आणि दिवड पाण्यातलाच साप, त्याच्यावरून बॉल पायथनचं कसं ठरवायचं? स्वतःहून भांड्यात बसणं वेगळं आणि आपण उचलून झाकणाखाली कोंडणं वेगळं. मनात येईल तेव्हा बाहेर पडता येतं, हाच तर फरक आहे.

पशुवैद्य, लीड्स

दिवड, साप एकाएकी भांड्यात तासन्‌तास बसू लागला तर कौतुक करण्याआधी तपासा. पेटी फार तापली असेल, कात जवळ आली असेल, किंवा माइट, म्हणजे सापाचं रक्त शोषणारे बारीक किडे, लागले असतील. पाण्यात खसखशीएवढे काळे ठिपके तरंगताना दिसले तर ते माइटच. अंघोळीने काही बुडतात, पण डोक्यावरचे आणि डोळ्यांच्या कडेचे वाचतात. पेटीतली अंडी तर शाबूतच राहतात. उपचार सापावर आणि पेटीवर एकदमच करावे लागतात.

अनुराधा, ऑस्टिन

मृदुलाताई, 'अंघोळ बंद करा' हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. लोकांनी टाकून दिलेले साप मी नवं घर मिळेपर्यंत सांभाळते. गेल्या वर्षी आलेल्या एका मादीच्या अंगावर तीन कातींचे थर होते, कातडी सुरकुतलेली. पाण्यात ठेवल्यावर ती आधी घटाघटा पाणी प्यायली. तिला नुसत्या ओल्या डब्यात ठेवून मी वाट बघत बसायला हवं होतं का? शेपटीला राहिलेलं कडं आवळत जातं, रक्त पोचत नाही, टोक वाळून गळून पडतं. मी दोन शेपट्या अशा गेलेल्या पाहिल्या आहेत. तुमचं वाचून कुणी नवखा हातावर हात ठेवून बसला तर?

मृदुला

अनुराधा, दोन शेपट्यांचं वाचून कसंतरी झालं. माझा विरोध दर आठवड्याच्या अंघोळीला आहे. आजारी, सुकलेल्या सापाबद्दल मी बोलत नव्हते. ते स्पष्ट लिहायला हवं होतं. मग अशा वेळी घालायची कशी, तेही डॉक्टरांनी सांगावं.

पशुवैद्य, लीड्स

पाणी २८ ते ३० अंश, थर्मामीटरने मोजून. आपल्या हाताला जे छान गरम वाटतं ते सापाला जास्त होतं. खोली सापाच्या जाडीच्या निम्मी, म्हणजे डोकं टेकवलं तरी नाक वर राहील. झाकणाला भोकं हवीत. पंधरा-वीस मिनिटं पुरे, आणि तेवढा वेळ जागचं हलायचं नाही. साबण, शाम्पू, तेल काही नको. नंतर ओलसर टॉवेलमधून त्याला आपणहून सरकू द्या, कात घासली जाऊन सुटते. डोळ्यावरचा पारदर्शक खवला राहिला असेल तर चिमटा लावू नका, खालचा डोळा दुखावतो, आमच्याकडे आणा.

आणखी एक. स्वयंपाकघरातलं सिंक किंवा घरच्यांचा टब कधीही वापरू नका. साप पाण्यात हमखास घाण करतात आणि निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला जुलाब-ताप आणणारा जिवाणू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना त्या पाण्यापासून लांब ठेवा.

वाळवेकर

सांगलीहून लिहितोय. हे वाचून कुणाला नाग-धामण पाळायची इच्छा झाली तर १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते इथे चालत नाही. आणि नागपंचमीला नागाच्या अंगावर दूध-हळदकुंकू घालणं ही तर अंघोळीहून वाईट गोष्ट. साप दूध पचवू शकत नाही.

दिवड

काल रात्री भांड्यातलं पाणी पांढऱ्या कागदावर ओतून पाहिलं. चार काळे ठिपके. उद्या डॉक्टरकडे नेतोय.

मृदुला

कळवा काय म्हणाले ते. आमच्याचे डोळे परवापासून दुधाळ झालेत, म्हणजे कात आठवड्याभरात. शेवाळावर पाणी शिंपडलंय. या वेळी शेपटीच्या टोकाला काही राहिलं तर मात्र टब काढेन.