मदत हवी आहे: अक्षरांच्या वारंवारतेचा वाचकावर नकळत परिणाम होतो का?

नमस्कार मंडळी. लहान मुलांसाठी झोपताना वाचायची एक गोष्ट लिहिली आहे. घरात तिघांना वाचायला दिली, तिघेही म्हणाले, "छान आहे, पण जरा खडबडीत वाटते." गोष्टीत भांडण नाही की भीती नाही. मग सहज अक्षरं मोजली, तर ट, ठ, ड यांची नुसती गर्दी! ल, म, ळ फार कमी.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 11व्या शतकातच माधुर्याला, म्हणजे रचनेतल्या गोडव्याला, टवर्ग (ट, ठ, ड, ढ) वर्ज्य सांगितला आणि ओजाला, म्हणजे जोशाला, तोच पोषक मानला. 2001 मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड या संशोधकांनी दोन आकार दाखवून 'बूबा' कोणता आणि 'किकी' कोणता, अशी निरर्थक नावं देऊन विचारलं, तेव्हा बहुतेकांनी गोल आकाराला बूबा म्हटलं, टोकदाराला किकी. पण ते सुटे शब्द. सलग गद्यात, तेही मनातल्या मनात वाचताना, हे टिकतं का?

माझी खरी अडचण वेगळीच आहे. खडखडाट, कडाडणे, आपटणे यांचा अर्थच कठोर आहे. मग वाचकाला टोचतो तो अर्थ की ट? 'वाट' आणि 'पहाट' तर किती मऊ वाटतात!

अर्थ तोच ठेवून फक्त शब्द बदललेले दोन उतारे कुणी वाचकांना देऊन पाहिलेत का? आणि मोजताना जोडाक्षर एक धरायचं की त्यातली व्यंजनं सुटी? भाषाशास्त्रातल्या किंवा बालसाहित्य लिहिणाऱ्या कुणी कृपया सांगा. पुढचा खर्डा त्यासाठीच थांबवलाय.