सुट्टीचा आदेश येतो तेव्हा मुले वर्गात असतात

अतिवृष्टीचा रेड अलर्ट मिळताच जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली की शाळेची जबाबदारी संपते, हे मत मला पटत नाही. सकाळच्या सत्रातील मुले सातलाच वर्गात बसलेली असतात आणि आदेश त्यानंतर आला, तर त्यांना कोणाच्या हाती सोपवायचे हा खरा प्रश्न उरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री मुंबईतील अनेक मुले शाळेतच थांबली आणि तेच सुरक्षित होते. माझ्या मुलीच्या बाई अशा दिवशी व्हरांड्यात ओली दप्तरे रांगेने ठेवून, नेणाऱ्याची वहीत सही घेतल्याशिवाय एकाही मुलाला फाटकाबाहेर सोडत नाहीत. ओळखीचा रिक्षावाला आला तरीही नाही.